बांधावर तोडलेलं पाणी

आमच्या रानातल्या आखाड्याचं एक चित्र माझ्या मोबाईलात हाय. त्यात आखाडा दिसत न्हाई, गोठा दिसत न्हाई, बाभळ दिसत न्हाई, निस्तं निळं दिसतं. माझ्या धाकट्या भावानं पाठवलंय. खाली लिहिलं होतं, ताई, आता उत्तर बरोबर आलं. मी ते वाचलं आन् फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठिवला, आन् मांडीवरच्या लेकीला जवळ घेतलं. उत्तर बरोबर आलं म्हणे. पाणी यिऊन गेल्यावर.

माझं माहेर पाथरीकडचं. आठवी झाली तवा पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, जीपनं जावं लागायचं, पोरीला एकटीला जीपमंदी कसं पाठवायचं म्हणून मी घरी बसले आन् भाऊ शिकला. शिकत शिकत इंजिनेर झाला, आन् त्याच्या बी पुढचं शिकायलाय. पाण्याचं गणित करतो. पाणी कुठून यिईल, किती चढंल, कुठं वळंल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. मी म्हणलं, अरे हे तर पंचांगवालं बी सांगतंय. तो हासला. म्हणला, ताई, पंचांगाला ओढा मोजावा लागत न्हाई.

सासर झरीपासून आत. लेक पोटात होती तवाच वाटणी झाली. गावातलं घर आन् ओढ्याची खालची जिमीन थोरल्या दिराला, वरची जिमीन आन् आखाडा आमाला. आखाडा म्हणजे रानातलं पत्र्याचं घर, एक खोली, एक पडवी, बाजूला गोठा. पयले तितं बैलं असायचे आन् वैरण असायची. आता आमी असतो. ओढ्याच्या वळणावर हाय. दोन्ही हिश्श्यांच्या मधात मातीचा उंच बांध घातला, पार ओढ्याच्या काठापोतूर. अर्धा त्यांचा अर्धा आमचा. थोरल्या दिरानं बांधाच्या जरा खाली ओढ्यात मुरूम टाकून ट्रॅक्टरची वाट केली, पाणी जायला खालून सिमेंटच्या नळ्या घातल्या. वाट त्यांच्या हद्दीत, ओढा त्यांचा, आमाला बोलायचा हक न्हाई.

वाटणी झाल्यापसून दोन घरांत बोलणं बंद. काय सांगायचं असलं तर आत्याबाई सांगायच्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं जेवण पाळीनं, एक महिना त्यांच्यात, एक महिना आमच्यात. तिकडून येताना तिकडचं बोलणं घिऊन यायच्या, इकडून जाताना इकडचं घिऊन जायच्या, आन् असं इकडून तिकडं होता होता एखादी गोष्ट मिटायची. कुणाचं बैल कुणाच्या तुरीत गेलं, असलंच. पाळी बदलायला टाईम असला की भांडण तसंच तापत राहायचं.

आखाड्यावर आल्यापसून मला भ्याव. बाळंतपणानंतर तर जास्तच. ओढ्याला निस्ता आवाज आला की माझ्या छातीत धडधड, श्वास वरच्या वर. मालक हासायचे. म्हणायचे, हिला ताटातल्या पाण्याचं बी भ्याव वाटतंय. शेजारच्या रानातल्या बायांना बी सांगायचे, मंग त्या बी हासायच्या, मी बी हासायचे, काय करणार. पण लेक रांगायली तसं मला हासू यिईना. मला कुणीतरी पक्कं सांगायला पायजे होतं. भादव्यात लेकीला घिऊन हितं निजावं का न्हाई, एवढंच.

म्हणून मी भावाला फोन केला. त्याला बी त्याच्या शिक्षणासाठी एक ओढा पायजेच होता. म्हणला, तुझाच घेतो ताई, तुझं बी काम होईल माझं बी होईल. मला इतकं बरं वाटलं, मी मालकाला म्हणलं, आता बघा, आता माझा भाऊ काय ते सांगंल.

उन्हाळ्यात आला. देवगाव फाट्यावर गाडी बदलून, झरीला उतरून, खांद्यावर तीन पायाचं यंत्र आन् हातात आकड्याची उंच पट्टी. दिवसभर कोरड्या ओढ्यात फिरायचा, पट्टी धरायला मालक. सांजच्याला बाजेवर बसून लेकीला मांडीवर घ्यायचा. मी चुलीपशी. मी त्याला इचारलं, एवढा मोठा ओढा त्या कॉम्प्युटरात मावतो कसा?

तो म्हणला, मावत न्हाई. एकाला सोसतच न्हाई. म्हणून तुकडे करायचे, हर एक तुकडा येगळ्या कॉम्प्युटरला द्यायचा. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्याचं गणित करायचं.

मी म्हणलं, आन् कडेला? पाणी तर तुकड्यापशी थांबत न्हाई.

कडेलाच खरी गोम हाय म्हणला. हर तुकडा शेजारच्याला इचारतो, तुझ्या कडेला पाणी किती? ते धरून आपलं गणित करतो आन् आपलं उत्तर त्याला सांगतो. मंग तो ते धरून आपलं पुन्हा करतो. असं इकडून तिकडं, तिकडून इकडं, दोघांचं बोलणं जुळेपर्यंत. आन् मधात एक पट्टा सामाईक ठिवायचा. तेवढ्या पट्ट्याचं गणित दोघांनी बी करायचं, म्हणजे सांध्यात फट राहत न्हाई.

मला लगेच समजलं. समजण्यासारखंच होतं. वाटणीच्या आधी गावातल्या घरी मी आन् जाऊबाई अंगण सारवायचो, ती तुळशीकडून, मी दारापसून. मधात गाठ पडली की तिच्या ओल्या शेणावरून माझा हात फिरायचा आन् माझ्यावरून तिचा. न्हाई तर वाळल्यावर तितंच फाटतं, मुंग्या निघतात. मी भावाला म्हणलं, म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरात बी एक आत्याबाई लागते, निरोप न्यायला. तो लय हासला. लेक बी हासली, तिला काय समजलं कुणास ठाऊक. ती सांज मला आठवती. बरी होती ती सांज.

दुसऱ्या दिवशी तो मोजत मोजत बांधापशी गेला. मी भाकरी घिऊन गेले होते म्हणून मी ते डोळ्यानं बघितलं. बांधाच्या पलीकडं थोरले दीर उभे, तळहातावर तंबाखू मळायले, संग त्यांचे दोन गडी. भावानं रामराम घातला. ते म्हणले, काय पाव्हणं, काय मोजायले?

भाऊ म्हणला, ओढा मोजायलोय भाऊसाहेब. जरा खालच्या अंगाला यावं म्हणतो, नळ्यांपर्यंत.

"निस्तं पाणीच मोजायले का बहिणीचा हिस्सा बी मोजून द्यायले?"

गडी हासले. मालक खाली बघायले, पायानं ढेकूळ फोडायले. थोरल्या दिरानं तंबाखू तोंडात टाकली आन् म्हणले, तिकडचं तुमी मोजा. इकडचं पाणी आमचं हाय, आमचं आमी बघू.

भाऊ म्हणला, बरं. आन् यंत्र खांद्यावर घेतलं, माघारी फिरला. माझ्या भावाचा चेहरा असा झालेला मी कधी बघितला न्हवता, ना शाळेत मार खाल्ल्यावर, ना कधी.

सांजच्याला मी म्हणलं, मंग आता खालचं कसं रे? आत्याबाईची पाळी तिकडं हाय, त्यांना निरोप धाडू का, थांबतोस का चार दिवस? त्यानं यंत्राचे पाय मिटून बांधले. मंग म्हणला:

"ताई, मी बहिणीच्या सासरी आलोय. मी उद्या गाडी धरून जाईन, बोलणं तुला खावं लागंल. राहू दे. मी बांधावरच तोडतो."

म्हणजे तुकडा पाडायची जागा बांध. ओढ्याला ती जागा मालूम न्हाई, ओढा तर तितं नळ्यांमुळं अडतो, फुगतो, तितंच त्याचं काय ते चालतं. पण आमच्या घराची भांडणं तितं होती म्हणून माझ्या भावानं पाणी तितं तोडलं. माझ्यासाठी तोडलं. हे मी कुणाला सांगू? मला बोलणं बसू नये म्हणून तोडलं. पाठचा भाऊ हाय, काय चुकलं त्याचं?

गेला. आषाढात त्याचा फोन आला. म्हणला, ताई, झालं गणित. कितीबी मोठा पाऊस धरला तरी पाणी बाभळीच्या बुडापर्यंत यायलंय, जोत्याला लागत न्हाई, हातभर खाली राहतंय. खुशाल नीज. मी फोन ठिवला आन् रडले, भ्यावानं न्हाई, सुटल्यावानी. मालकाला सांगितलं तर म्हणले, मी तर पयल्यापसून सांगायलोय, पण आमचं कोण ऐकतं, आमी इंजिनेर न्हाई. त्या रात्री मी बाळंतपणानंतर पयल्यांदा गाढ निजले.

पोळा झाला. त्याच्या नंतरची गोष्ट. दुपारचं होतं, मालक परभणीला गेले होते औषध आणायला, फवारणीचं. सकाळपसून पाऊस, पण आमच्याकडं निस्ती रिपरिप, वरच्या शिवारात मात्र जबर झाला असणार. लेक झोळीत निजलेली, झोळी आढ्याला. मी तुरीची डाळ निवडायले. ओढ्याचा आवाज यायला होता आन् मी सारखी दारात जाऊन वर बघायले, वळणाकडं, कारण पाणी वरून येतं असंच मला वाटायचं. वरून येणारं पाणी आपल्या पात्रात होतं. मोठं होतं, पण पात्रात होतं.

मंग शेळी वरडली. मी गोठ्याकडं बघितलं तर पाणी बांधाच्या अंगानं यायलं. खालून. उलटं. आवाज न्हाई, लाट न्हाई, गढूळ, वर फेस आन् गेल्या साली उपटून टाकलेल्या पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या. आवाज करून आलं असतं तर मी पळाले असते. हे हळू हळू चढायलं, कुणी पातेल्यात पाणी ओतावं तसं. बाभळीच्या बुडाला लागलं. मी मनात म्हणलं, बस, आता हितंच थांबंल, भावानं सांगितलंय. उभी राहिले. बाभळीचं बूड गेलं. मी जोत्याकडं बघितलं, हातभर राहतंय म्हणला होता, मी हात धरून बघितला, न्हाई, हातभर न्हवतं, वीतभर होतं, मंग वीतभर बी न्हवतं. पाणी उंबऱ्यातून आत आलं तवा चुलीतली राख उचलून तरंगायली. ते बघून मी जागची हालले.

लेकीला झोळीतून काढलं, पदरात बांधली. गोठ्यात गेले, पाणी मांडीला, शेळीचं दावं सोडायला वाकले तर गाठ भिजून अशी आवळलेली, एका हातानं सुटंना, दुसऱ्या हातात लेक. इळा कुठं ठिवला ते सुचंना. शेळी माझ्याकडं बघून वरडायली. मी तिला तशीच टाकली. गाडीवाट पाण्यात गेली होती, रस्ता न्हाई, वर जायला जागा न्हाई, एकटा बांध तेवढा वर होता. मी बांधावर चढले, हातानं गवत धरून, गुडघ्यानं, कसं चढले मला आठवत न्हाई. वर बसले, खताची रिकामी गोणी सापडली ती लेकीच्या डोक्यावर धरली. श्वास घेता यिईना. खाली आमच्या बाजूला पाणी भरलेलं, आन् बांधाच्या पलीकडं, खालच्या अंगाला, नळ्यांच्या पुढं त्यांचं रान हिरवंगार, कोरडं. नळ्या पऱ्हाट्यांनी गच्च भरल्या होत्या. ते मला वरून दिसायलं होतं. कुणाला बी दिसलं असतं, इतकं सोपं होतं.

थोरले दीर आले. खोरं घिऊन आले. मला वाटलं, नळ्या मोकळ्या करायला आले. ते बांधावर चढले, माझ्यापसून थोडं लांब उभे राहिले. आमच्यात थोरला दीर आन् धाकटी भावजय समोर बोलत न्हाईत, म्हणून ते पाण्याकडं तोंड करून बोलले.

"बांध कुणी फोडायचा न्हाई."

मी काय फोडणार? माझ्या हातात काय होतं? पदरात लेक आन् डोक्यावर गोणी. पण ते त्याच भ्यावानं आले होते, की वरच्या अंगाचे लोक बांध फोडून पाणी त्यांच्या रानात सोडतील. पाणी उतरेपर्यंत खोरं रोवून तसेच उभे होते. पावसात. त्यांनी लेकीकडं एकदा बघितलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, मला खोटं बोलायचं न्हाई, आलं होतं. पण बोलले न्हाईत आन् मी बी बोलले न्हाई, आन् आत्याबाई त्या महिन्यात नणंदेकडं गेल्या होत्या.

दिवस मावळायच्या आधी पाणी उतरलं. शेळी दावणीलाच होती. लेकीची छाती भरली, परभणीच्या दवाखान्यात ठिवावं लागलं, नाकाला नळी लावली होती, इवलीशी छाती आत जायची, बाहेर यायची. मी तिच्यासंग श्वास घ्यायचे, ती थांबली की मी थांबायचे. वाचली. आता चालती. पण सर्दी झाली की छातीत घुरघुर वाजतं, आन् मला दुसरं काहीच ऐकू येत न्हाई.

भाऊ आला. घरात बसला न्हाई. भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती, तिच्यापशी उभा राहिला, तिला बोट लावलं. मी चिखल लोटत राहिले. रडायचं त्यानंच रडून घेतलं. त्याच दिवशी पंचनाम्याला तलाठी आले होते, मागं अर्धं गाव, समदे चिखलातून इकडं तिकडं फिरायले, कुणाच्या हद्दीत कोण हे कुणी बघंना. भाऊ त्यांच्या मागं मागं पट्टी घिऊन खाली गेला, नळ्या मोजल्या, वाट मोजली, बांध मोजला. थोरले दीर बघत होते, अडवलं न्हाई. उन्हाळ्यात एवढंच करू दिलं असतं.

मंग त्यानं गणित पुन्हा केलं. फोनवर मला समजावून सांगितलं. म्हणला, पयले मी वरच्या तुकड्याचं खालच्याला सांगत होतो, खालच्याचं वरच्याला ऐकवतच न्हवतो. खालचं मी पायानं मोजलेलं न्हवतं, आभाळातून काढलेल्या जुन्या नकाशावरून घेतलेलं, त्यात वाट बी न्हाई नळ्या बी न्हाईत, आन् नळ्यांचं माप माझ्याकडं न्हवतं. म्हणलं त्याचं ऐकून वरचं कशाला बिघडवू. म्हणून बांधापशी पाणी आपलं आपण खाली निघून जाईल असं धरलं. आता दोघांत पट्टा सामाईक ठिवला, दोघांना एकमेकांचं ऐकवलं, पुन्हा पुन्हा, तवा पाणी माघारी फुगलेलं दिसायलं. म्हणला:

"वरचा तुकडा आपल्या जागी बरोबर होता ताई, हिशोब बी बरोबर होता. चूक निस्ती सांध्यात होती."

मी म्हणलं, सांध्यातच तर मी राहते.

त्यानं फोन ठिवला. मंग संध्याकाळी ते चित्र आलं. मला मालूम हाय त्याला वाईट वाटतंय. पण त्याला आनंद बी झाला होता, आन् तो आनंद त्याला लपवता आला न्हाई. त्याच्या कॉलेजच्या सरांनी म्हणे पाठ थोपटली, की सांधा चुकीच्या जागी पडला की काय होतं ते इतकं साफ आजपर्यंत कुणी दाखवलं न्हाई. तुझ्या आखाड्यानं माझं काम झालं ताई, म्हणला. वाईट मनानं न्हाई म्हणला. मी घरी बसले म्हणून तो शिकला, आन् आता मी बुडाले म्हणून तो पास होणार, असं माझ्या मनात आलं. मनातच ठिवलं. राग न्हाई असं मी लय साल म्हणत आले, आता म्हणवत न्हाई.

मी त्याला निस्तं इचारलं, मंग आता करायचं काय? म्हणला, वाटेखाली नळ्या वाढवायच्या, न्हाई तर आखाडा उंचावर न्यायचा. उंच जागा एकच हाय, चिंचेचं टेकाड, ते थोरल्या दिराच्या हिश्श्यात. मालक गेले बोलायला, वाटणीनंतर पयल्यांदा सोता गेले, चित्र घिऊन. थोरल्या दिरानं मोबाईल लांब धरून बघितला. म्हणले, तुझ्या मेव्हण्याच्या मोबाईलात पाणी आलं म्हणून मी माझी वाट फोडू काय? मालक म्हणले, दादा, मोबाईलातच न्हाई, घरात आलं. तर म्हणले, दर साली येत न्हाई. आन् टेकाडाचं नाव काढलं तवा घरात निघून गेले. जाऊबाईनं चहा ठिवला होता, तो मालकानं घेतला न्हाई. असं मला मालकानं सांगितलं आन् बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. आता ते मला हासत न्हाईत.

मला जे पक्कं पायजे होतं ते आता मिळालं हाय. भादव्यात लेकीला घिऊन हितं निजू नये. कॉम्प्युटरचे दोन्ही तुकडे आता तेच सांगायलेत, त्यांचं जुळलं. पण दुसरीकडं कुठं निजावं ते त्या चित्रात न्हाई. माहेरी किती दिवस जाणार, रानात कामं असतात, शेजारीपाजारी म्हणतात घरात भांडण लागलं वाटतं हिचं.

म्हणून मी बांधावर एक सपाट दगड नेऊन ठिवलाय, आमच्या अर्ध्या अंगाला, इंचभर बी पलीकडं न्हाई. वर चार काठ्या आन् मेणकापड. आभाळ भरून आलं की मी लेकीला घेते, कोरडी गोधडी घेते, इळा घेते, आन् जाऊन बसते. नवी शेळी संग नेते, सैल गाठीनं. पलीकडं जाऊबाई निंदत असली की मान वर करून बघती, मंग खाली घालती. मी बी बघते. एकदा तिनं लेकीला हात हलवला, लेकीनं बी हलवला, मी लेकीचा हात खाली घेतला. का घेतला मला सांगता येत न्हाई.

ते चित्र मी पुसलं न्हाई. मधी मधी काढून बघते. समदं निळं हाय, आखाडा न्हाई, गोठा न्हाई, बाभळ न्हाई. पण नीट बघितलं तर खालच्या अंगाला एक बारीक तपकिरी रेघ हाय, निळ्यात न बुडलेली. तो बांध. लेक त्यावर बोट ठिवून इचारती, आई, हे काय? मी सांगते, हे आपलं घर.